तोंडावर बोट

माझ्या मुलाचं नाव सम्यक. शाळेच्या दाखल्यावर, दवाखान्याच्या कागदांवर, रेशनकार्डावर, सगळीकडं सम्यकच. पण लहानपणी त्या नावानं हाक मारली तर तो वळून बघायचा नाही. ‘मुडद्या’ म्हटलं की वळायचा.

हे नाव माझ्या सासूबाईंनी दिलेलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. बिदर-औरादकडच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. आमच्याकडं लेकरावर जितका जीव जास्त, तितकं त्याला वाईट बोलायचं. चांगलं बोललं तर दृष्ट लागते, आणि तसंही आमच्यात गोड बोलायची सवय होती कुणाला? माझी आई मला ‘ऊठ गं भवाने’ म्हणूनच उठवायची. जेवायला वाढताना ‘गिळ’, पाणी देताना ‘ढोस’. त्या शिव्या नव्हत्या. तेच आमचं लाडाचं बोलणं होतं. बाहेरच्या वाचकाला हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मी औरादकडच्या चिंताकी गावची. आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. झालेली मुलगी. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू, मोठेपणासाठीच सांगते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजचं फाटक बघितलं नव्हतं. लग्न होऊन बिदरला, नौबादला आले. एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. तिथं बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ताई, तुमचं पोरगं तसलंच हाय म्हणं की? आमच्या भावाचं बी तसंच करायलंय." दर वेळी तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. धीर देण्यासाठी लिहीत नाही. मला ज्यांनी ज्यांनी धीर दिला, त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

कलबुर्गी

सम्यक तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. आमच्याकडं बघायचा नाही, हात पुढं करायचा नाही. पंख्याखाली उताणा पडून पंखा बघत राहायचा. लोक म्हणायचे, मुलं उशिरा बोलतात. बिदरच्या डॉक्टरांनी कलबुर्गीला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यासमोर टाळी वाजवली, किल्ल्या हलवल्या, ठोकळे ठेवले. सम्यकनं ठोकळे एका ओळीत लावले आणि डॉक्टरांनी त्यातला एक उचलला तेव्हा त्यांच्या हाताला चावला. डॉक्टर हात पुसत आधी कन्नडात बोलले, मग इंग्रजीत. ऑटिझम. तो शब्द मी आधी वाचलेला होता, त्यामुळं रडू आलं नाही. माझा नवरा अशोक, तो वायरिंगचं काम करतो, त्यानं विचारलं, "गोळी हाय का ह्याच्यावर?"

"नाही."

"मग आपरेशन?"

"नाही."

"मग आमी आलाव कशाला इथं?"

डॉक्टरांनी थेरपीचं सांगितलं, सवयी लावायचं सांगितलं. अशोक उठून बाहेर गेला. आम्ही परतीची बस धरली. हुमनाबादला चहाला उतरला, वर आला आणि म्हणाला, "आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाई. तुमच्या चिंताकीत इचारून बघ."

"आमच्या चिंताकीत सगळे तोंड चालवणारेच आहेत," मी म्हटलं. "न बोलणारे तुमच्याकडचे."

मागच्या सीटवरचा एक जण हसला. सम्यक खिडकीची काच चाटत होता. रोगाचं नाव कळलं तो दिवस आमच्याकडं असा गेला. लोक म्हणतात अशा वेळी नवरा-बायको एकमेकांच्या जवळ येतात. आम्ही एका सीटवर बसून एकमेकांची घराणी काढत होतो.

पुढं अशोकनं पोराला गाडीवर न्यायचं बंद केलं. त्याच्या मित्राच्या लग्नात भालकीला गेलो होतो, सम्यकला आत्याबाईंजवळ ठेवून. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, "लेकरं किती?" अशोक भात कालवता कालवता म्हणाला, "अजून न्हाईत." मी दोन पानं सोडून बसले होते. मी वरण मागून घेतलं आणि जेवले.

नमस्कार

आत्याबाई पंचशील रोज म्हणायच्या, घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती. पण शेजारच्या निलम्मा अक्कानं त्यांच्या डोक्यात गाणगापूर घातलं. "बाहेरचं हाय ते," अक्का म्हणायची. "डागदर काय करतेत? एकडाव दत्ताच्या दारात नेऊन सोडा."

मी म्हटलं, "आत्याबाई, कुठल्या तोंडानं जाणार?"

"ह्याच तोंडानं. दुसरं कुठंय माझ्याकडं?"

मी कामावर असताना त्या अक्काबरोबर पोराला घेऊन गेल्याच. काय झालं ते अक्कानंच नंतर सांगितलं, हसत. आरतीच्या वेळी नगारा वाजला, घंटा वाजल्या, माणसांची दाटी. सम्यकला आवाज सहन होत नाही. त्यानं कान दाबून जी किंकाळी फोडली, तशी लोकांनी वाट करून दिली. एका बाईनं हात जोडून विचारलं, "कवापासून धरलंय ओ ह्याला?" दुसऱ्या एकीनं त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

आत्याबाईंनी त्या बाईचा हात झटकला. "धरलं न्हाई कुणी. माझा नातू हाय. कान दुखायलेत त्याचे." पोराला काखेत मारून बाहेर आल्या, आणि लॉजच्या पायरीवर बसून त्याचे कान आपल्या हातांनी झाकून धरले, नगारा थांबेपर्यंत.

माझ्या पोराला लोकांनी तेवढाच एकदा नमस्कार केला. एरवी गल्लीत त्याला ‘हौला’, म्हणजे खुळा, म्हणायचे. त्यानंतर आत्याबाईंनी बाहेरच्या बाधेचं नाव काढलं नाही. माझं ऐकून नव्हे. त्यांनी स्वतः बघितलं म्हणून.

पेढे

सम्यक साडेपाच वर्षांचा होता. मी कामावरून आले तर दारात गल्लीतल्या बायका, आणि आत्याबाई पेढे वाटतायत.

"बोलला! माझा नातू बोलला!"

"काय बोलला?"

"मला मुडद्या म्हणला!"

झालं असं होतं की तो माठाजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "घे, ढोस मुडद्या." सबंध वाक्य. आणि आवाज त्याचा नव्हता. आत्याबाईंचा होता. तोच खरखरीत सूर, ‘घे’वर तोच झटका, ‘मुडद्या’ म्हणताना शेवटी तसाच खाली पडणारा स्वर. पाच वर्षं पाणी देताना त्या जे म्हणत होत्या ते त्यानं जसंच्या तसं साठवून ठेवलं होतं, आणि तहान लागल्यावर बाहेर काढलं. कारण हे वाक्य झालं की पाणी येतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

अशोक ते ऐकून खाली बसला आणि हसत सुटला. कलबुर्गीनंतर मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं.

मग धरण फुटल्यासारखं झालं. भूक लागली की "गिळ आता." कुणी दार वाजवलं की "आले बघ साहेब," हे आत्याबाई अशोकला म्हणायच्या. नको असेल तर "मरू दे तिकडं," हे अशोकचं, फोनवरचं. माझं एकच वाक्य होतं त्याच्याकडं. झोप आली की म्हणायचा, "उद्या बघू." माझ्याच थकलेल्या आवाजात.

पाच वर्षं ज्याच्या एका शब्दासाठी आम्ही तोंडाकडं बघत बसलो, तो बोलायला लागला होता. घरातलं सगळं कडू त्याच्या तोंडी आलं होतं, पण बोलत होता. मला ते पुरेसं होतं. पुढचा सगळा लढा या बोलण्याचाच झाला, कारण ते येऊन महिना झाला नाही तोच सगळ्यांना ते बंद करायचं होतं.

प्रमुख पाहुणे

त्याला एका खाजगी शाळेत घातलं होतं. न बोलणारा होता तोवर शाळेला त्याचं काही नव्हतं. मागच्या बाकावर बसायचा, खिडकी बघायचा. बाई म्हणायच्या, "शांत आहे हो."

स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे म्हणून कुणी निवृत्त अधिकारी आले होते. ऊन, भाषणं, पोरांच्या ओळी. पाहुण्यांच्या समोर टेबलावर पाण्याची बाटली. सम्यक ओळीतून सुटला, स्टेजवर चढला, बाटलीकडं बघत माइकच्या पुढ्यात उभा राहून एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात म्हणाला, "घे, ढोस मुडद्या!"

मैदान हसलं. पाहुणेही हसले, त्यांनी बाटली दिलीही. हेडबाई हसल्या नाहीत. त्या उदगीरकडच्या, त्यांना शब्द न् शब्द कळला.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "तुम्ही शिकलेल्या दिसता. घरी हे असं बोलता?"

"तो पाणी मागत होता, बाई."

"पाणी मागायची ही पद्धत? बाकीच्या पालकांना मी काय सांगू? एक तर हे बोलणं बंद करा, नाहीतर दाखला घेऊन जा. पूर्वी बरा होता. गप्प तरी होता."

मी आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसासमोर खाली बघितलं. मला अपमान पोराचा वाटला नाही. माझ्या बी.ए.चा वाटला.

स्पीच थेरपीच्या एक मॅडम आठवड्यातून एकदा हैदराबादहून बिदरला येत. तरुण, डोक्यावर ओढणी, सतत च्युइंगम. मी सगळं सांगितलं तर त्या टाळ्या पिटून हसल्या. "अरे वा! सम्यक साब बात कर रहे!"

"मॅडम, शिवी देतो तो."

"गाली नक्को समझो, बाई. इसके लिए पूरा जुमला एकीच लफ्ज है. ‘पानी’. बस. इसको तोडो मत, आहिस्ता आहिस्ता बदलो. पहले इसका जुमला सुनो, पानी देओ, फिर अपना बोलो. साल भी लगता, दो साल भी लगते."

जुमला म्हणजे वाक्य, ते कळलं; पण माझ्याकडं साल नव्हतं. शाळेनं परीक्षेपर्यंतची मुदत दिली होती.

एक जास्तीचं शील

त्या रविवारी वंदना झाल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "थांबा. आज एक जास्तीचं म्हणायचं. या घरात मी वाईट शब्द बोलणार नाही."

"सम्यकला?"

"कुणालाच."

"मंग बोलू काय?"

"चांगलं बोला. ‘बाळा, पाणी घे.’"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना इंग्रजी बोलायला सांगतेय. "बाळा म्हणू त्याला? अन् दृष्ट लागली मंजी?"

"आत्याबाई, शाळेतून काढून टाकतील."

त्या उठून उभ्या राहिल्या. मग पदर डोक्यावर नीट घेतला, मेणबत्तीसमोर हात जोडले आणि फोटोकडं बघत मोठ्यानं म्हणाल्या, "ह्या घरात म्या वंगाळ बोलणार न्हाई." मी ऐकत होते. मी म्हटलं नाही. मला गरज नव्हती, मी तसं बोलतच नव्हते.

त्या दिवसापासून आत्याबाई मुक्या झाल्या. अतिशयोक्ती करत नाही. शिव्या काढून घेतल्यावर त्यांच्याकडं नातवाशी बोलायला काही उरलंच नाही. पेला त्याच्यापुढं ठेवायच्या आणि तोंड फिरवायच्या. सम्यक पेल्याकडं बघायचा, त्यांच्या तोंडाकडं बघायचा. वाक्य आलं नाही, मग हे पाणी कसं?

मी माझ्या पद्धतीनं चालू केलं. "पाणी पाहिजे" म्हटल्याशिवाय द्यायचं नाही. तो माठाजवळ उभा राहून म्हणायचा, "घे, ढोस मुडद्या." मी म्हणायची, "पाणी पाहिजे." तो आणखी मोठ्यानं. मीही. शेवटी फरशीवर आडवा व्हायचा, डोकं आपटायचा. मग मी द्यायची. आत्याबाई दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा नुसतं म्हणाल्या, "पाण्याला तरसवायलीस लेकराला." त्यात एकही वाईट शब्द नव्हता.

मार्च

मार्चमध्ये बिदरचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. शाळेतून आला तर उजव्या हाताची तर्जनी ओठांवर. खेळ म्हणून ठेवली असेल असं वाटलं. जेवायला बसवलं तरी बोट तिथंच. मी हात खाली ओढला, तो किंचाळला आणि बोट परत ठेवलं. झोपेतसुद्धा बोट ओठांवर.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन शाळेत गेले आणि विचारलं तर वर्गबाई सहज म्हणाल्या, "काल फार बोलत होता. मग मी सगळ्यांनाच सांगितलं, हाताची घडी, तोंडावर बोट, मी सांगेपर्यंत काढायचं नाही."

"मग सांगितलं का?"

"अहो, बेल झाल्यावर पोरं आपोआप काढतात की."

माझं पोरगं आपोआप काही करत नाही. त्याला सांगितलं होतं, सांगेपर्यंत. तो वाट बघत होता. वर्गबाईंनी त्याच्यासमोर म्हटलंही, "बेरळ तेगी," बोट काढ. पण त्या दाराकडं बघत, पर्स खांद्याला लावता लावता म्हणाल्या, आणि त्याला वाटलं नाही की ते त्याच्यासाठी आहे. मी म्हटलं, समोर बसून सांगा. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते, आता मीटिंग आहे."

त्याचा उद्या तापात उजाडला. बोटावरून चमच्यानं दूध पाजायचा प्रयत्न केला, सगळं गळ्याखाली सांडलं. लघवी होईना. ओठांवर पापुद्रे धरले, त्यावर ते बोट. मी वर्गबाईंना फोन लावून त्याच्या कानाशी धरला. तोंडाशिवाय आलेला आवाज त्याच्यासाठी आवाजच नसतो. पलीकडून त्या म्हणाल्या, "बरं वाटलं की पाठवा शाळेत, मग सांगते."

दवाखाना

सलाइन आधी बोटाच्याच हाताला लावायला निघाले. तीन सिस्टर, अशोक आणि मी. अशोकनं पाय धरले. एका सिस्टरनं विचारलं, "वेडा आहे का?" अशोक म्हणाला, "माझा मुलगा हाय. नीट बोल." भालकीच्या पंगतीनंतर एवढं ऐकायला मिळालं. शेवटी सलाइन डाव्या हाताला लागलं.

तिथला दिनक्रम लवकर अंगवळणी पडतो. पहाटे फिनेल, मग तापाचं मीटर, मग डॉक्टरांची फेरी आणि त्यांच्या मागं शिकाऊ पोरं. ती पोरं गोळा होऊन बोट बघायची. एकीनं मोबाइल काढला, मी तिच्याकडं बघितलं, तिनं परत ठेवला. शेजारच्या खाटेवर एका बाईची मुलगी होती, जुलाबाची. ती बाई प्रत्येक भेटायला येणाऱ्याला आमची गोष्ट सांगायची, आम्ही ऐकू येण्याच्या अंतरावर असताना.

डॉक्टर म्हणाले, "नुसत्या सलाइनवर किती ठेवणार? तोंडानं पाणी जायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत नाही गेलं तर नाकातून नळी घालू. काढेल तो, म्हणून हात बांधावे लागतील."

अशोक उठून बाहेर गेला. ही त्याची सवय. आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

"न्हाई."

"माझी हात जोडून विनंती आहे."

"म्या बाबासाहेबासमोर बोललेली हाय."

"मी सांगते ना, मोडा ती शपथ."

"तू कोण सांगणारी? तुझी हाय का ती?"

"अहो, लेकरू मरायलंय!" माझ्या तोंडून चिंताकी बाहेर आली.

आत्याबाईंचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "मंग तू म्हण. तू कुठं घेतलीस शपथ? मलाच घ्यायला लावलीस."

पेला माझ्या हातात होता. मी खाली वाकून, सम्यकच्या कानाशी, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हटलं, "घे, ढोस मुडद्या."

काही नाही. छताकडं बघत राहिला.

"पेपर वाचल्यावानी कामून म्हणायलीस?" मागून आत्याबाई. "पोटातून म्हण."

मी परत म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली.

"अजून वर. ‘घे’ला झटका दे की. बी.ए. केलीस अन् येवढं येत न्हाई?"

मला राग आला. त्यांचा, हेडबाईंचा, ‘उद्या सांगते’चा, भालकीच्या भाताचा, त्या बोटाचा. तो सगळा राग पेल्यासकट पुढं करून मी वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले, "घे! ढोस, मुडद्या!"

शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, कसली आई हाय ही! आजारी लेकराला..."

सम्यकनं माझ्याकडं बघितलं नाही. पेल्याकडं बघितलं. बोट ओठांवरून हललं, हनुवटीवर आलं, मग खाली पडलं. ओठाचं कातडं बोटाबरोबर निघून आलं, तिथं रक्त आलं. तो प्याला. सगळं प्याला, दातांनी पेला चावत. मग रिकामा पेला माझ्या अंगावर ढकलून त्यानं म्हटलं, "घे, ढोस मुडद्या." आवाज फुटलेला, पण तोच. आत्याबाईंचा.

मी दुसरा पेला भरला. तो म्हणायचा, मी म्हणायची, तो प्यायचा. सिस्टर नळीचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच उभी. आत्याबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आता बरं बोलायलीस."

दाखला

पोरगं घरी आल्यावर मी शाळेत गेले. हेडबाईंनी आधी तब्येत विचारली, मग म्हणाल्या, "त्याचं ते बोलणं कमी झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "मी पण शिकले आता. दाखला द्या."

आता तो सरकारी शाळेत जातो. तिथल्या गुरुजींना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, कुठलं वाक्य म्हणजे काय. गुरुजी औरादचे. म्हणाले, "ताई, आमच्या घरी बी हीच भाषा हाय. मला शिकवायची गरज न्हाई." सगळं छान चाललंय असं मात्र लिहिणार नाही. तो लिहीत नाही, पोरं त्याच्या डब्यात माती टाकतात, आणि घाबरला की स्वतःला दटावतो, "सुम्न कूड," गप्प बस. हे कन्नड वाक्य घरातलं नाही. ते आधीच्या शाळेची कमाई. तेवढं एकच त्यानं तिथून आणलं.

थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं तसं आता करते. आधी त्याचं ऐकते, पाणी देते, मग माझं म्हणते. कधीकधी तो "पाणी" म्हणतो. जास्त वेळा नाही.

आत्याबाई गेल्या. शपथ त्यांनी शेवटपर्यंत मोडली नाही. मी किती वेळा म्हटलं, सोडा आता, शाळा सुटली, गरज संपली. त्या म्हणायच्या, "तुझी गरज व्हती ती. शपथ माझी हाय." नातवाला पाणी द्यायचं असलं की मला हाक मारायच्या, "ये गं, म्हण त्याला." आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे. आवाज मात्र सम्यककडं आहे, दिवसातून दहादा ऐकू येतो, आणि पाहुणे आले तर दचकतात.

या पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. सांधे धरलेले, उठवत नव्हतं. अशोक कामावर. सम्यक माठाजवळ होता. तो पाणी स्वतः घेत नाही, कुणीतरी द्यावं लागतं. मी पडल्या पडल्या म्हटलं, थांब रे, येते. पण उठता आलं नाही. घशाला कोरड पडली होती, ‘पाणी’ हा शब्द मीच दोनदा पुटपुटले असेन.

माठाचं झाकण पडल्याचा आवाज झाला. मग तो आला. पेला दोन्ही हातांत, अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर. माझ्याकडं न बघता, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघत त्यानं पेला माझ्या तोंडाला लावला, दातावर आपटला. आजवर ते वाक्य त्यानं फक्त मागताना म्हटलं होतं.

"घे, ढोस मुडद्या."

मी ढोसलं.